रेड संथ झाला की आधी एकेक डिस्क तपासा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. घरच्या कॉम्प्युटरवर चार-चार टीबीच्या चार डिस्कचा रेड ५ आहे, म्हणजे चार डिस्क जोडून केलेली एकच मोठी डिस्क, एक बिघडली तरी डेटा टिकतो. लिनक्सवर एमडीॲडम (mdadm) या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमनं ती बांधलेली आहे. हार्डवेअरचं काम नव्यानं शिकणाऱ्या गावाकडच्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. इथं अडलं तर नागपूर गाठावं लागतं, आणि त्यात एक दिवस जातो.

एप्रिलमध्ये एका लग्नाचं दीडशे जीबी फुटेज कॉपी करायला घेतलं. पहिली दहा-पंधरा मिनिटं वेग झकास होता. मग तो घसरला तो सेकंदाला १२-१५ एमबीवर. मी रॅम वाढवली, लिनक्स नव्यानं टाकलं. दोन दिवस आणि पैसे वाया गेले. रेड वरून एकच डिस्क दिसतो, म्हणून आपण त्याला एकच समजतो. तिथंच चुकतं.

सगळ्यात आधी रेडची सद्यस्थिती दाखवणारी /proc/mdstat ही फाइल वाचा. तिथं रीसिंक (डिस्कवरचा डेटा पुन्हा एकमेकांशी जुळवणं) किंवा चेक (नुसती तपासणी) चालू दिसलं तर ते संपेपर्यंत थांबा. वीज अचानक गेली की मशीन पुन्हा चालू झाल्यावर रीसिंक लागतो, आणि आपल्याकडं वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. बिटमॅप, म्हणजे कुठं लिहिणं चालू होतं याची नोंद, चालू असेल तर तो लवकर आटोपतो, कारण अर्धवट राहिलेला भागच तपासला जातो. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण रेडची तपासणी आपोआप सुरू होते. दर महिन्याला त्याच दिवशी कॉम्प्युटर रेंगाळत असेल तर कारण हेच असू शकतं.

माझ्याकडं तसं काही चालू नव्हतं. मग कॉपी चालू ठेवून प्रत्येक डिस्कवरचा भार वेगवेगळा दाखवणारी आयोस्टॅट ही कमांड एक्स पर्यायासह (iostat -x) लावली. खरं निदान इथंच झालं. तीन डिस्क २०-२५ टक्के व्यस्त, चौथी सतत १००. तिघींचा लिहिण्याचा प्रतीक्षाकाळ १०-१५ मिलिसेकंद, चौथीचा ८०० च्या वर. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा साधारण ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते, तेव्हा ८०० म्हणजे दुखणं तिथंच. रेड ५ मध्ये डेटा आणि पॅरिटी (एक डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढायला लागणारी हिशोबाची माहिती) सगळ्या डिस्कवर वाटलेली असते. एक मागं राहिली की बाकीच्या तिच्यासाठी खोळंबतात.

ही चौथी डिस्क मी वर्षापूर्वी बदललेली होती. तेव्हा रिबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करायला, पावणेदोन दिवस लागले होते. चार टीबीला सात-आठ तास पुरतात, तेव्हाच शंका यायला हवी होती. आता मॉडेल नंबर उत्पादकाच्या माहितीपत्रकात शोधला, तर ती एसएमआर प्रकारची निघाली.

एसएमआर समजायला आपलं कवेलूचं छप्पर आठवा. एका कवेलूची कड दुसऱ्यावर चढलेली असते. मधलं एकच फुटलं तरी शेजारची उचलावी लागतात. या डिस्कवर डेटाचे ट्रॅक तसेच एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणजे कमी जागेत जास्त माल मावतो. पण मधलं काही बदलायचं तर आजूबाजूचंही पुन्हा लिहावं लागतं. सुरुवातीचं लेखन डिस्क वेगळ्या साध्या पट्ट्यात झेलते, म्हणून पहिली मिनिटं छान जातात. पट्टा भरला की वेग कोसळतो. रेडसाठी डिस्क घेताना दुकानदाराला 'सीएमआरच पाहिजे' (म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली साधी डिस्क) असं स्पष्ट सांगा आणि मॉडेल नंबर स्वतः पडताळा.

बदलताना घाई केली नाही. आधी सगळा बॅकअप घेतला. मग मदरबोर्डवरच्या रिकाम्या साटा पोर्टवर (डिस्कची केबल लावायची जागा) नवी डिस्क लावून एमडीॲडमचा रिप्लेस पर्याय वापरला. त्यात जुनी डिस्क काम करत असतानाच तिच्यावरचा डेटा नवीवर उतरतो, मध्ये एक डिस्क कमी होऊन रेड उघडा पडत नाही.

तुमच्याकडं कारण वेगळं असू शकतं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल (smartctl) कमांडमध्ये १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. केबल बदलल्यावर तो शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). तो वाढत असेल तर आधी बॅकअप घ्या, वेगाचं नंतर पाहा. १९४ वर तापमान दिसतं. पुष्कळ डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते आणि मे महिन्यात आपल्या खोल्याच तापलेल्या असतात. गावात जिनिंग असेल तर कॅबिनेटच्या जाळीवर कापसाचे तंतू बसतात. दिवाळीनंतर दर महिन्याला ती झाडा.

काढलेली एसएमआर डिस्क खराब नाही. तिच्यावर एकदा लिहून ठेवायचं आणि क्वचित वाचायचं, इतकंच काम ती चोख करते. आता ती बाहेरच्या डब्यात आहे, जुन्या लग्नांचा बॅकअप सांभाळत.