वक्तृत्व स्पर्धेसाठी सात मिनिटांचं भाषण कसं बसवावं

महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेच्या पत्रकावर चार-पाच विषय असतात आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ असते : ‘वेळ ७+१ मिनिटे’. मुलं विषयांवर आठवडा घालवतात, त्या ओळीकडे बघतही नाहीत. पाच वर्षं मी स्वतः करंडकांसाठी गावोगाव फिरले, नंतरची बारा वर्षं मुलांची भाषणं बसवून घेते आहे. बक्षीस हातचं जातं ते बहुतेक वेळा त्या ओळीपाशीच. ७+१ म्हणजे सातव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा आणि आठव्याला शेवटची. काही ठिकाणी पहिली घंटा सहाव्यालाच होते, काही ठिकाणी वेळ ओलांडली की गुण कापतात. आयोजकांना फोन करून हे आधी विचारून घ्या. प्रवेशिका आणि प्राचार्यांचं पत्र तुम्ही वेळेत देणार, हे मी धरून चालते.

विषय असा घ्या, ज्यातलं काहीतरी तुमच्या घरात किंवा गावात घडलेलं आहे. ‘समाजमाध्यमे : शाप की वरदान’ निम्मं सभागृह घेतं, आणि परीक्षकांना ते विसाव्यांदा ऐकावं लागतं.

वाचायला दोन दिवस पुरतात. आकडे तीनच ठेवा.

मग लिहून काढा. मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द, हा मला मानवलेला वेग आहे. त्या हिशेबाने सातशे शब्दांच्या वर एकही नको.

आता पाठांतर. ‘घोटून पाठ कर, झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं पाहिजे’ हा सल्ला मला प्रत्येकाने दिला होता आणि मी तो तंतोतंत पाळला होता. दुसऱ्या वर्षाला असताना एका तालुक्याच्या गावी मी बोलत होते. पाचव्या मिनिटाला पाहुणे उशिरा आले, पुढच्या रांगेत खुर्च्या सरकल्या आणि माझा एक शब्द गळला. पुढचं वाक्य येईना. मी परिच्छेदाच्या सुरुवातीला गेले, पुन्हा तिथवर आले, पुन्हा तिथेच अडले. तेवढ्यात घंटा झाली. ज्या शेवटासाठी मी ते सगळं भाषण लिहिलं होतं, तो शेवट बोलायचाच राहिला. मी ‘क्षमस्व’ म्हणून खाली उतरले. पुढचे तीन महिने मी एकाही स्पर्धेला नाव दिलं नाही.

चूक कुठे होती हे कळायला मला वर्ष लागलं. एकसलग घोटलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य फक्त आधीच्या वाक्याला धरून उभं असतं. शाळेतल्या कवितेचं तिसरं कडवं आठवायला पहिल्यापासून म्हणावं लागतं, तसंच. एक कडी निसटली की मागे जाता येतं, पुढे जाता येत नाही. आणि घंटेला तर तुम्हाला पुढेच जायचं असतं, तेही थेट शेवटाला.

म्हणून भाषणाचे मुक्काम ठरवा. समजा विषय आहे ‘दुष्काळ आणि आपण’. पहिला मुक्काम : आजी खडी फोडायला जायची, तो १९७२ चा दुष्काळ. दुसरा : विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलंच पाहिजे. तिसरा : महाराष्ट्राने १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. चौथा : २००५ मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. पाचवा : आज आपल्या गावातल्या विहिरींची अवस्था. प्रत्येक मुक्कामाचं एकच चित्र डोक्यात ठेवा. खडी, अर्ज, कायद्याचा कागद, संसद, विहीर. शब्द दर वेळी थोडे वेगळे आले तरी येऊ द्या. शब्दशः पाठ करायचं ते एवढंच : पहिली दोन वाक्यं, शेवटची चार वाक्यं, सनावळी आणि कुणाचं अवतरण असेल तर ते.

शेवट असा लिहा की तो कुठल्याही मुक्कामाला जोडता येईल. पाचव्या मुक्कामाला ‘म्हणूनच’ने चिकटवलेला शेवट तिसऱ्या मुक्कामावर घंटा झाली तर उपयोगी पडत नाही. तो सुरुवातीला जोडा. इथे तो आजीपाशी परत जाईल, आणि आजीपाशी कायद्यावरूनही जाता येतं, विहिरीवरूनही. चाळीस सेकंदांपेक्षा लांब नको.

मग सराव. आधी मुक्काम उलटे म्हणा, पाचपासून एकपर्यंत. मग मैत्रिणीला कुठलाही आकडा सांगायला लावा आणि तिथून सुरू करा. तिसरा सराव सगळ्यांत महत्त्वाचा आणि मुलं नेमका तोच टाळतात : घरात कुणालातरी स्टीलचं ताट आणि चमचा द्या. चौथ्या ते सातव्या मिनिटात, न सांगता, कधीही ताट वाजलं पाहिजे. हातातलं वाक्य पूर्ण करायचं आणि शेवटाकडे वळायचं. घाईने नाही, त्याच लयीत. हे वीसदा करा. दहा वेळांत जमल्यासारखं वाटतं, पण व्यासपीठावर टिकत नाही.

प्रत्यक्षात अडलातच, तर दोन सेकंद गप्प राहा आणि पुढच्या मुक्कामावर जा. तुमचा कागद परीक्षकांनी पाहिलेला नाही. काय गळलं हे तुमच्या चेहऱ्यावरून कळेल तेवढंच कळेल.

आरशासमोर सराव करू नका. आरशात माणूस स्वतःचे केस बघतो. सुरुवातीला शेर नको. ‘सन्माननीय व्यासपीठ’ हे संबोधन एका श्वासात संपवा. माईक हनुवटीच्या उंचीवर आणा आणि नंतर त्याला हात लावू नका. गाजलेल्या राजकीय वक्त्याची ढब उचलू नका, त्याने तुमचा आवाज मरतो. व्याख्यानं जरूर ऐका. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बसून मी खूप शिकले. पण व्याख्यानाची संथ चढण सात मिनिटांत आणायला जाऊ नका.

स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठी काढून क्रमांक ठरतो. तिसावा-बत्तिसावा आला तर बाहेर कट्ट्यावर उजळणी करत बसू नका, सभागृहात बसून ऐका. तुमचा दुसरा मुक्काम चार जणांनी आधीच बोलून टाकला असेल, तर तो दोन वाक्यांत उरका आणि वाचलेलं मिनिट विहिरीला द्या. एकसलग पाठ केलेल्या मुलाला हे करता येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने एकतिसाव्या क्रमांकावर नेमकं हेच केलं आणि पहिलं बक्षीस आणलं.

बोलून झाल्यावर निघून जाऊ नका. निकालाआधी परीक्षक मनोगतात काय खटकलं ते सांगतात, ते लिहून घ्या. निकाल मात्र ठरल्या वेळेपेक्षा दोन-तीन तास लांबतोच. बाहेरगावी गेला असाल तर परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच स्थानकावर विचारून ठेवा.