मालकांचा फोटो काळा-पांढरा केला आणि फोन सुरू झाले : ॲपच्या रंगांतल्या या चुका टाळा

सोलापुरातल्या एका घाऊक चादर-टॉवेल व्यापाऱ्यासाठी ऑर्डर घ्यायचं ॲप करत होतो. उघडताक्षणी थोरल्या मालकांचा फोटो दिसायला हवा, ही धाकट्या मालकांची अट. फोटो कुठल्याशा लग्नातला. डोक्यावर गुलाबी फेटा, मागे मंडपाची झालर, सगळे रंग भडक. माझ्या शांत करड्या रंगसंगतीत तो काही बसेना. मग मी तो कृष्णधवल केला, भोवती बारीक काळी चौकट दिली आणि खाली नाव व साल टाकलं. ‘स्थापना’ हा शब्द जागा नाही म्हणून गाळला.

सकाळी ॲप गिऱ्हाइकांना पाठवलं. दुपारपर्यंत लातूरहून, विजापूरहून फोन यायला लागले. “कधी झालं? कळवलंही नाहीत.” थोरले मालक गादीवर बसून चहा पीत होते. मला एवढंच म्हणाले, “काय ओ, एवढ्यात कशाला घालवलात मला?”

परदेशी कंपन्यांच्या वेबसाइटवर ‘आमची टीम’ या पानावर असे फोटो शोभून दिसतात, तिथूनच मी ते उचललं होतं. पण इथल्या सात रस्ता चौकातले फ्लेक्स रोज बघणाऱ्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळे रंग एकदम सांडलेले असतात. काळी चौकट, फिका फोटो आणि खाली साल दिसलं की न वाचताच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ऐकू येतं. तेव्हा जिवंत माणसाचा फोटो रंगीत ठेवा. रंगसंगतीत बसत नसेल तर मागची पार्श्वभूमी कापा, माणसाचे रंग काढू नका. आता त्या ॲपवर गुलाबी फेटा आहे आणि माझी करडी रंगसंगती त्याच्यापुढे फिकी पडते. पडू दे.

तक्त्यावर विसंबणे

‘कुठल्या देशात कुठला रंग कशाचा’ असे तक्ते इंटरनेटवर ढिगानं मिळतात. भारताच्या ओळीत ठरलेलं असतं: पांढरा म्हणजे शोक, काळा म्हणजे अशुभ, लाल म्हणजे लग्न. हा तक्ता घेऊन जानेवारीत सोलापुरात या. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो म्हणजे चक्क लग्नच लागतं, आणि त्या मिरवणुकीत हजारो लोक पांढरीशुभ्र बाराबंदी घालून चालत असतात. त्याच दिवसांत घरोघरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका काळी साडी नेसतात, नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला काळ्या कपड्यांवर हलव्याचे दागिने घालतात. म्हणजे तक्त्यातल्या दोन गोष्टी एकाच आठवड्यात खोट्या ठरल्या. तिसरीचं पुढे सांगतो.

रंगाचा अर्थ देशावर कमी आणि प्रसंगावर, समोरच्या वस्तूवर जास्त ठरतो. म्हणून मी आता काम घेतलं की पहिल्या भेटीत रंगांबद्दल काहीच विचारत नाही. गल्ल्यावर काय काय पडलंय ते बघतो. वही कसली, पावतीपुस्तक कुठल्या रंगाचं, कार्बनची खालची प्रत गुलाबी की पिवळी, भिंतीवर कॅलेंडर कुणाचं.

उधारी लाल रंगात दाखवणे

व्यापाऱ्याच्या पेढीवर सगळ्यांत मानाची वस्तू म्हणजे लाल कापडात बांधलेली वही. दिवाळीत तिची पूजा होते, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. त्या माणसाच्या हातात आपण ॲप देतो आणि त्यात लाल म्हणजे धोका, चूक, तोटा.

मी ‘नावे’ची, म्हणजे उधारीची, बाजू लाल आणि ‘जमा’ची हिरवी केली होती. हिशेबाच्या दृष्टीनं बरोबरच वाटलं. पण दुकानातला टॅब मालक एकटे बघत नाहीत, समोरचं गिऱ्हाईकही मान वाकडी करून बघतं. बार्शीच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं आपल्या नावाची ओळ लालभडक पाहिली. मुदत संपायला अजून पंधरा दिवस होते. “वीस वर्षं माल नेतोय, आम्हाला लाल यादीत घातलंत होय?” मालकांना उत्तर सुचेना. मला फोन आला तेव्हा त्यांनी जी भाषा वापरली ती इथे लिहीत नाही.

दुरुस्ती सोपी होती. उधारी हा दोष नाही, धंद्याचा भाग आहे, म्हणून ती साध्या गडद अक्षरांत आणली. मुदत खरंच उलटली की ‘मुदत संपली’ हे शब्द येतात, तेही मालकांच्या पडद्यावर. गिऱ्हाइकाकडे टॅब वळवायचा तर एक बटण दाबून ती खूण लपवता येते.

लाल-हिरव्याबद्दल आणखी एक. आपल्याकडे शेअर चढला की हिरवा आणि पडला की लाल दिसतो. चीनमध्ये नेमकं उलटं आहे, तिथे चढता भाव लाल. बाहेरच्या देशातलं तयार चार्टचं पॅकेज उचलाल तर ही सेटिंग आधी तपासा.

फक्त रंगावर काम सोडणे

युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आशियाई लोकांत हे प्रमाण काहीसं कमी आहे, पण कारखान्यात चाळीस माणसं असतील तर एखादा असणारच असं धरून चाला. तो स्वतःहून सांगणार नाही. बऱ्याचदा त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

शुद्ध लाल आणि गडद हिरवा आपल्याला जमीन-अस्मान वाटतात. पण उजेडाच्या मापात त्यांच्यातलं गुणोत्तर जेमतेम १.२८ भरतं (१ म्हणजे दोन्ही अगदी सारखे). रंग काढून टाकले की दोन्ही जवळपास एकच राखाडी. यंत्रमागाच्या शेडसाठी मी केलेल्या तक्त्यात चालू माग हिरवा ठिपका होता आणि बंद माग लाल ठिपका. तंतूंची धूळ बसलेल्या पडद्यावर ते ठिपके माग सांभाळणाऱ्या जॉबरला सारखेच दिसायचे, आणि त्याची नजर तर अगदी चांगली होती. आता ठिपक्याऐवजी ‘चालू’ किंवा ‘बंद’ हा शब्द आहे आणि बंद मागाच्या ओळीला जाड किनार आहे.

हीच चूक सरकारी पातळीवर झाली होती आणि सुधारलीही गेली. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका असायचा. हिरवा आणि तपकिरी ही तर रंगांधळ्या माणसाला अवघड जाणारी जोडी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत मांसाहाराची खूण तपकिरी त्रिकोण झाली. रंग तोच ठेवला, आकार बदलला. हॉटेलच्या मेन्यूचं ॲप करणाऱ्यांपैकी कित्येक जण अजून जुना गोल ठिपकाच लावतात.

भगव्यावर पांढरी अक्षरं, आणि ‘रग निवडा’

वेबच्या सुलभतेची जी जागतिक नियमावली आहे, डब्ल्यूसीएजी, तिच्यानुसार साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांचं गुणोत्तर किमान ४.५ हवं, मोठ्या अक्षरांना ३ चालतं. आपल्याकडे सर्वांत लाडकी जोडी भगव्यावर पांढरी अक्षरं. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत (० ते २५५) सांगतात; लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ हा नेहमीचा भगवा घेतला तर पांढऱ्याशी त्याचं गुणोत्तर २.१ येतं. काळी अक्षरं घेतलीत तर तेच साडेनऊच्या वर जातं. “काळं नको ओ, शुभ काम आहे” असं कुणी म्हटलं तर गडद मरून घ्या. लग्नपत्रिकेत तो चालतोच.

आणि ही नियमावली देवनागरी समोर ठेवून लिहिलेली नाही. आपला अनुस्वार, रफार, उकार हे अक्षरापेक्षा बारीक असतात आणि फिक्या रंगात आधी तेच मरतात. चादरीच्या ॲपमध्ये मी फिक्या राखाडीत, बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये ‘रंग निवडा’ लिहिलं होतं. एका दुकानदाराचा निरोप आला, “तुमच्याकडे रग पण ठेवायला लागलात का? भाव कळवा.” अनुस्वार त्याला दिसलाच नव्हता. चादरीच्या दुकानात ‘रग निवडा’ हे इतकं बरोबर वाक्य होतं की त्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

तेव्हापासून मराठी मजकुरासाठी मी ४.५ वर थांबत नाही, ७ च्या आसपास जातो, आणि बारीक वजनाचा फॉन्ट लेबलला वापरत नाही. राखाडीत तिन्ही आकडे ११९ घेतले तर पांढऱ्यावर गुणोत्तर ४.४८ येतं आणि ११८ घेतले तर ४.५४. कागदावर एक नापास, एक पास. एप्रिलच्या दुपारी नवी पेठेत उन्हात फोन धरला की दोन्ही नापास. चाळिशीच्या वर पारा असताना, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून, रस्त्यावर उभं राहून एकदा तरी ॲप वाचून बघा. ऑफिसातल्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

पिवळा म्हणजे ‘थांबा’, हे कुणाला?

ही चूक मला सर्वांत जास्त लागली, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. विडी कामगार बायकांचे योजनांचे अर्ज भरून देणाऱ्या एका संस्थेसाठी छोटं ॲप केलं होतं. अर्ज मंजूर असेल तर हिरवी पट्टी, नामंजूर असेल तर लाल, तपासणीत असेल तर पिवळी. सिग्नलसारखं सरळ.

पण महाराष्ट्रात १९९९ पासून रेशनकार्डाचे तीन रंग आहेत. पिवळं दारिद्र्यरेषेखालच्यांचं, केशरी १५ हजारांच्या वर ते १ लाखापर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांचं, पांढरं त्याहून वरचं. पिवळ्या कार्डासाठी लोक तहसीलच्या चकरा मारतात. कुंभारीच्या वसाहतीतून आलेल्या एका बाईंना मी पडदा दाखवला. त्यांच्या नावासमोर पिवळी पट्टी. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “दादा, पिवळं झालं म्हणा की!” शेजारणीला तेलुगूत काहीतरी सांगूनही मोकळ्या झाल्या. मग मला सांगावं लागलं की मावशी, कार्ड केशरीच आहे, हा नुसता अर्ज अजून बघतायत.

आता तिथे फिकट निळसर पट्टीवर ‘तपासणी चालू आहे’ असं पूर्ण वाक्य आहे. आणि पिवळा, केशरी, पांढरा हे तीन रंग त्या ॲपमध्ये फक्त रेशनकार्डासाठी राखून ठेवलेत.

भाषेला रंग देणे

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही चालतात, म्हणून भाषा निवडायची चार बटणं ठेवली. ओळखायला सोपं जावं म्हणून प्रत्येकाला वेगळा रंग दिला, आणि काही विचार न करता मराठीला भगवा व उर्दूला हिरवा दिला. ॲप तपासणाऱ्या मित्रानं फक्त विचारलं, “निवडणुका आहेत का?” चारही बटणं एकाच रंगाची केली, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलं. वॉर्ड, वसाहत, आडनावांची यादी यांनाही रंग वाटू नका. भगवा, हिरवा, निळा हे रंग आपल्याकडे मोकळे नाहीत. वेगळेपणा दाखवायचाच असेल तर आकडे द्या.

शेडची नावं

कॅटलॉगमध्ये मी ‘टील’ आणि ‘पीच’ लिहिलं. गिऱ्हाईक फोनवर मोरपंखी, राणी, डाळिंबी, चिंतामणी, अबोली मागत होतं. मधला मुनीम दोन्ही भाषा बोलत बसायचा. बाजारातली नावं घ्या, आणि नावाशेजारी दुकानाच्या शेडकार्डाचा नंबर टाका, कारण एकाचं डाळिंबी दुसऱ्याचं मरून असतं. फोनच्या पडद्यावर भरवसा नकोच. अनेक फोनमध्ये रंग मुद्दाम गडद दाखवायची सेटिंग असते. चादरीचा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढा आणि त्या कागदावरून रंग जुळवा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या राणी रंगाच्या चादरी परत येतात, वाहतूक खर्च दुकानाच्या अंगावर.

सणाची सजावट

नवरात्रात रोजचा रंग लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावा, पण क्रम दरवर्षी बदलतो, गेल्या वर्षीची यादी चालवू नका. आणि रंग फक्त वरच्या पट्टीला लावा. मी एकदा ‘ऑर्डर पाठवा’ हे हिरवं बटणही त्या दिवशीच्या गुलाबीत रंगवलं, तर पंढरपूरच्या एका काकांनी “बटण गेलं” म्हणून ऑर्डर चिठ्ठीवर लिहून एसटीनं पाठवली.

दोन कायद्याच्या गोष्टी

दवाखान्याच्या ॲपला पांढऱ्यावर लाल अधिक-चिन्ह लावू नका. ती रेडक्रॉसची खूण आहे आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार परवानगीशिवाय वापरता येत नाही. स्टेथोस्कोप काढा. राष्ट्रध्वजाचं चित्र धंद्याचं बोधचिन्ह म्हणून वापरायलाही बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धचा १९५० चा कायदा आडवा येतो.

तपासायचं कसं

अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये रंगदुरुस्तीखाली ‘ग्रेस्केल’, म्हणजे सगळा पडदा राखाडी करायची सोय, मिळतं, आयफोनमध्ये तेच कलर फिल्टर्समध्ये. ते लावून आपलं ॲप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरा. कुठे अडलात तिथे रंगाशिवाय काहीच लिहिलेलं नाही, असं समजा. संगणकावर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘रेंडरिंग’ या भागात रंगांधळेपणाचे वेगवेगळे प्रकार लावून पान बघता येतं. मग फोन जॉबरकडे, मुनिमाकडे, घरातल्या आजीकडे द्या आणि ‘कसं वाटतंय’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. बोट दाखवून विचारा, “हे काय झालंय असं वाटतं?”

तपासून झालं की ग्रेस्केल आठवणीनं बंद करा. मी विसरलो होतो. पडदा गेला म्हणून फोन दुरुस्तीला दिला, आणि दुकानातल्या पोरानं मिनिटभरात तो परत देऊन पैसेही घेतले नाहीत.