यूटा-ॲरिझोनाच्या कॅन्यनमधून तंबू घेऊन: रोड ट्रिप कशी आखावी

लास वेगासहून निघायचं, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ ही राष्ट्रीय उद्यानं करत मोआब शहराला पोचायचं, मग मॉन्युमेंट व्हॅली आणि पेज शहरावरून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ बघून पुन्हा वेगास. हा फेरा साधारण 1,200 मैलांचा, म्हणजे 1,900 किलोमीटरच्या आसपास. रस्ते चांगले आहेत, त्यामुळे कागदावर तो आठवड्यात बसतो. तंबूत राहून करायचा असेल तर नाही बसत.

बेत आखायला बसलं की आपण आधी ठिकाणांची यादी करतो. इथे ती शेवटी करा. कधी जायचं, कुठे उतरायचं, कोणत्या रस्त्यात शिरायचं, हे सगळं या मुलखात पाणी ठरवतं. बहुतेक वेळा ते मिळत नाही, आणि कधीकधी नको तिथे नको तेवढं येतं.

## पहिली पायरी: महिना

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर. जूनमध्ये कोरडी भट्टी असते, मोआबला उन्हाळ्यात पारा 38 अंशांच्या वर सहज जातो. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथला मान्सून. आपल्यासारखी झड लागत नाही. सकाळ लख्ख असते, दुपारी तासाभरात ढग जमतात, कोसळतात आणि निघून जातात.

वसंत की शरद, हे कशासाठी जाताय त्यावर ठरवा. झायनमधल्या ‘द नॅरोज’ या घळीत वाट नाहीच, व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं असतं. प्रवाह सेकंदाला 150 घनफुटांच्या वर गेला की ती बंद करतात. वसंतात वरचं बर्फ वितळत असतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ती अनेकदा बंद सापडते. नॅरोजसाठीच निघाला असाल तर शरद ऋतू घ्या. शिवाय वसंतातला वारा तंबूवाल्यांचा शत्रू आहे, त्याबद्दल पुढे.

उंचीकडेही बघा. झायनच्या दरीचा तळ सुमारे 4,000 फुटांवर, ब्राइसचा काठ 8,000 फुटांच्या वर. दोन्हींत गाडीने दोन तासांचं अंतर. झायनला दुपारी सावली शोधत फिराल आणि त्याच रात्री ब्राइसला पारा शून्याजवळ असेल, मे महिन्यातसुद्धा. स्लीपिंग बॅग ब्राइसच्या थंडीच्या हिशेबाने घ्या. गरम झालं तर चेन उघडता येते.

## दुसरी पायरी: मुक्काम

झायनचं वॉचमन, कॅपिटल रीफचं फ्रूटा, मोआबजवळच्या आर्चेस उद्यानाचं डेव्हिल्स गार्डन, ग्रँड कॅन्यनचं मॅथर: या कॅम्पग्राउंडचं आरक्षण सरकारी संकेतस्थळावर, रिक्रिएशन डॉट गव्हवर, हंगामासाठी साधारण सहा महिने आधी उघडतं. शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता जातात. म्हणून या मुक्कामांच्या तारखा आधी पक्क्या करा आणि बाकीचा बेत त्यांच्याभोवती बसवा. जागा मिळाली नाही तर निघायच्या आठवड्यात रोज एकदा बघत राहा, रद्द झालेल्या जागा तिथेच परत दिसतात.

फ्रूटाबद्दल दोन शब्द जास्त. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतवाल्यांनी लावलेल्या फळबागांच्या मधोमध हा तळ आहे. चेरी, जर्दाळू, पीच, सफरचंद ज्या त्या हंगामात पिकतात आणि बाग तोडणीसाठी खुली असेल तेव्हा स्वतः तोडून घेता येतात. तिथेच खाल्ली तर फुकट, बरोबर न्यायची तर वजनाप्रमाणे पैसे. चारी बाजूंना लाल कडे आणि खाली हिरवळ. या फेऱ्यात एकाच ठिकाणी दोन रात्री काढायच्या असतील तर मी फ्रूटा निवडेन, झायन नाही.

आरक्षण न घेणाऱ्या जागाही आहेत. मोआबजवळच्या कॅन्यनलँड्स उद्यानातल्या ‘आयलंड इन द स्काय’ भागात 12 जागांचा एक तळ आहे, जो आधी येईल त्याचा. पाण्याचा नळ नाही. मोआबच्या आसपास कोलोरॅडो नदीकाठी भूव्यवस्थापन ब्यूरोचे, म्हणजे बीएलएमचे, असेच साधे तळ आहेत. तिथे सकाळी दहा-अकराला पोचा, आणि शक्यतो शुक्रवारी नको.

बीएलएमच्या मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी फुकट राहता येतं, साधारणपणे 14 दिवसांपर्यंत. पण मोकळी म्हणजे वाटेल तिथे नव्हे. मोआबजवळच्या अनेक भागांत खुणा केलेल्या जागीच उतरायचं, स्वतःचं फिरतं शौचालय बाळगायचं आणि मैला परत न्यायचा, असे नियम आहेत. त्यासाठी जेल पावडर असलेल्या खास पिशव्या मिळतात. दोन-चार जास्तच घ्या.

## परवाने, पास आणि घड्याळ

झायनच्या मुख्य दरीत हंगामात खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची बस घ्यावी लागते. झायनमधल्या एंजल्स लँडिंग या साखळ्या धरून चढायच्या कड्यावर जायला 2022 पासून परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. एक सोडत हंगामाआधी, दुसरी आदल्या दिवशी. तिचा अर्ज दुपारी तीनपर्यंत. आर्चेसला आत शिरायच्या वेळेचं आरक्षण लागतं की नाही, हे दरवर्षी बदलू शकतं. निघण्यापूर्वी पार्कच्या पानावर बघून घ्या.

राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास 2026 पासून अमेरिकेतल्या रहिवाशांना 80 डॉलरला आणि परदेशी पाहुण्यांना 250 डॉलरला आहे. परदेशी पाहुण्याकडे पास नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन धरून 11 उद्यानांत माणशी 100 डॉलर जादा पडतात. म्हणजे भारतातून आई-बाबा आलेले असतील तर हिशेब आधीच मांडा. मॉन्युमेंट व्हॅलीला आणि पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीला मात्र हा पास चालत नाही. ती नॅव्हाहो या मूळनिवासी लोकांची जमीन आहे, शुल्क वेगळं, आणि अँटिलोपमध्ये नॅव्हाहो वाटाड्याशिवाय प्रवेशच नाही. नॅव्हाहो हद्दीत दारूला बंदी आहे, डिकीतली बिअरही त्यात आली.

घड्याळाची गंमत इथेच आहे. यूटा उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, ॲरिझोना करत नाही, पण ॲरिझोनातला नॅव्हाहो प्रदेश करतो. पेज शहर ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं. त्या भागात मोबाइल कधी या टॉवरला चिकटतो, कधी त्या, आणि वेळ आपोआप पुढेमागे होते. अँटिलोपची वेळ ठरवताना ‘कोणत्या घड्याळाने?’ असं स्पष्ट विचारा आणि हातात साधं घड्याळ ठेवा.

## गाडी

डांबरी रस्त्यांवरच राहायचं असेल तर साधी गाडी पुरते. कच्च्या रस्त्यांचा मोह होईलच, विशेषतः यूटातल्या एस्कलांटे गावाजवळच्या होल-इन-द-रॉक रोडचा, कारण पीकाबू आणि स्पूकी या अंग चोरून जावं लागणाऱ्या घळी त्याच रस्त्यावर आहेत. आधी भाड्याच्या गाडीचा करार वाचा. बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर नेऊ देत नाहीत, आणि नेली तर विमा लागू होत नाही.

दुसरी अडचण माती. तिथल्या बऱ्याच कच्च्या रस्त्यांत बेंटोनाइट नावाची चिकणमाती आहे. कोरडी असताना रस्ता फरशीसारखा वाटतो. पाऊस पडला की ती फुगते, चाकांना थापली जाते आणि फोर-व्हील-ड्राइव्हसुद्धा जागच्या जागी घसरते. असा रस्ता ओला असेल तर शिरू नका. आत असताना पाऊस आला तर वाळेपर्यंत थांबा, म्हणून गाडीत एका दिवसाचं जादा पाणी आणि खाणं हवंच.

टाकी अर्धी झाली की भरायची. ग्रीन रिव्हर ते सलायना या टप्प्यात आंतरराज्य महामार्ग 70 वर 100 मैलांहून जास्त अंतरात एकही पंप नाही. नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा, बऱ्याच भागात सिग्नल नसतो.

## पाणी आणि मीठ

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर. चढाई असेल तर आणखी. पाच-सहा गॅलनचा एक मोठा कॅन आणि दोन छोटे असे वाटून ठेवा. सगळं एकाच कॅनमध्ये नको, तो फुटला किंवा गळला तर पंचाईत. व्हिजिटर सेंटरवर नळ दिसला की भरून घ्यायची सवय लावा. झायनमध्ये व्हर्जिन नदीचं पाणी गाळूनही पिऊ नका, तिथे विषारी सायनोबॅक्टेरिया आढळले आहेत.

नुसतं पाणी पीत राहणंही धोक्याचं. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, अंग कोरडंच राहतं, पण मीठ तर गेलेलं असतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, माणूस आणखी पाणी पितो आणि रक्तातलं सोडियम अजून खाली जातं. दर तासाला काहीतरी खारट खा, शेंगदाणे, चिप्स, काहीही. ग्रँड कॅन्यनमध्ये हे जास्तच जपा, कारण तिथे उतार आधी आणि चढ नंतर. काठावर गारवा असतो, नदीजवळ भट्टी. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न करू नका, असं पार्कवाले बजावून सांगतात.

## घळीत शिरण्यापूर्वी

हा भाग घाईने वाचू नका. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक पुराच्या लोंढ्यात दगावले. पाऊस घळीवर नव्हे, कित्येक मैल वरच्या बाजूला पडला होता. 14 सप्टेंबर 2015 ला झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण असेच गेले. खडक पाणी पित नाही, पाणलोटातलं सगळं पाणी एका फटीत उतरतं, आणि फट जिथे दोन हातांत मावते तिथे पाण्याला वर चढण्याखेरीज जागाच नसते.

म्हणून डोक्यावरचं आभाळ बघू नका, पाणलोटाचं बघा. घळीच्या वरचा प्रदेश किती मैल, कोणत्या दिशेला पसरलाय हे नकाशावर आदल्या संध्याकाळी पाहा आणि त्या भागाचा अंदाज तपासा. झायनसाठी राष्ट्रीय हवामान सेवा लोंढ्याच्या शक्यतेची रोज श्रेणी देते, व्हिजिटर सेंटरवरही ती लावलेली असते. ‘शक्यता आहे’ एवढं जरी लिहिलेलं असलं तरी मी अरुंद घळ सोडून काठावरची वाट धरेन.

आत असताना प्रवाहाकडे लक्ष ठेवा. स्वच्छ पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत येऊ लागली, पातळी बोटभर वाढली किंवा वरून घरघर ऐकू आली, तर पिशवी आवरत बसू नका. उलट दिशेला पळण्यापेक्षा उंच जागा गाठा. हे जमायला हवं, म्हणून आत जाताना मागे वळून वळून बघत चला: चढता येईल असा शेवटचा कठडा कुठे होता?

याच कारणाने बेतात एक दिवस मोकळा ठेवा, काहीही आरक्षित न करता. हवा बिघडली की घळ पुढे ढकलता येते.

## तंबू उभारताना

कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू नको. वाळू मऊ, सपाट आणि मोहात पाडणारी असते, पण ती पाण्यानेच आणून टाकलेली आहे.

वाळूत नेहमीच्या मेखा धरत नाहीत. एक रिकामी कापडी पिशवी घ्या, तिला तंबूची दोरी बांधा, वाळूने भरा आणि हातभर खोल पुरून वरून पायाने दाबा. जोराचा वारा आला तरी ती हलत नाही. खडकावर असाल तर दोरी मोठ्या दगडाला बांधा आणि दगड होता तिथे परत ठेवा. वसंतात दुपारनंतर वारा उठतो आणि बारीक लाल वाळू जाळीतून आत शिरते, तेव्हा दिवसा बाहेर जाताना तंबूवरचं पांघरूण पूर्ण बंद करा. रिकामा तंबू उभा सोडायचाच असेल तर आत जड सामान ठेवा. सकाळी बूट झटकून घाला, विंचू निघतात.

कोरड्या दिवसांत शेकोटीवर बंदी येते, त्यामुळे स्वयंपाक गॅसच्या शेगडीवरच धरून चला.

चालताना वाटेवर, खडकावर किंवा ओढ्याच्या वाळूत पाय टाका. मधली काळपट, खडबडीत, ढेकळासारखी दिसणारी माती जिवंत असते. जिवाणू, शेवाळं, दगडफूल यांनी मिळून धरलेला तो थर वाळूला उडू देत नाही. एका बुटाने मोडला की भरून यायला कैक वर्षं जातात. कड्यांवरच्या प्राचीन चित्रांना हात लावू नका, बोटांच्या तेलानेही ती खराब होतात.

## आता यादी

एवढं झालं की ठिकाणं बसवा. बारा दिवस असतील तर झायन दोन रात्री, ब्राइस एक, मग हायवे 12 ने कॅपिटल रीफ दोन, मोआब तीन, पेज एक, ग्रँड कॅन्यन दोन. ब्राइस ते कॅपिटल रीफ हा टप्पा जेमतेम 120 मैलांचा, पण पूर्ण दिवस द्या. एस्कलांटे आणि बोल्डरच्या मध्ये रस्ता दोन्ही बाजूंना कडे तुटलेल्या धारेवरून जातो, गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही. आठवडाच असेल तर ग्रँड कॅन्यन सरळ सोडा आणि यूटातच राहा.

रोजचा क्रम सोपा ठेवा: उजाडायच्या आत वाटेवर, अकरापर्यंत परत, दुपारी गाडीचा पल्ला, चारच्या आत पुढचा तळ.

गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, येताना नाही आणि जाताना नाही. म्हणून ते वेगासला उतरल्यावर विकत घ्यायचे. शेवटच्या रात्री अर्धा डबा उरला असेल तर शेजारच्या तंबूत विचारा. ते बहुधा नुकतेच निघालेले असतात.