नाफ्प्लियोत पुराणकथांच्या जागा कशा पाहाव्यात

ग्रीसमधलं नाफ्प्लियो, म्हणजे प्राचीन नॉप्लिया, समुद्रदेव पोसायडनचा मुलगा नॉप्लियस याने वसवलं अशी कथा आहे. आज तिथे आधी नजरेत भरतात ते व्हेनिसकरांचे किल्ले. दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी लेखक आला, तेव्हाच गाव ओस होतं. त्याने नोंदवलं ते तटाचे अवशेष, पोसायडनचं देऊळ, बंदरं आणि कॅनाथस झरा. आपणही खडक आणि पाणी शोधावं.

निघण्यापूर्वी वंशावळ नीट लावून घ्या. पोसायडन आणि आर्गॉसचा राजा दानाओस याची मुलगी अमिमोनी यांचा मुलगा नॉप्लियस ट्रॉयच्या युद्धाच्या कितीतरी पिढ्या आधीचा. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर पालामिडीस याचा बाप म्हणजे त्याच्या वंशातला, त्याच नावाचा दुसरा नॉप्लियस. काही प्राचीन लेखकांनीच दोघांना एक केलंय, त्यामुळे हमखास घोळ होतो. पालामिडीसची कथा ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ लिहिणाऱ्या होमरमध्येही शोधू नका, तिथे त्याचं नावच नाही.

सकाळी लवकर पालामिडी हा टेकडीवरचा किल्ला गाठा. टेकडी 216 मीटर उंच आहे आणि नाव पालामिडीसवरून आलंय. किल्ला मात्र 1711 ते 1714 मधला. पायऱ्या 999 सांगतात, मोजल्या तर कमी भरतात. वाटेत सावली जवळजवळ नाही, म्हणून उन्हाळ्यात माणशी लिटरभर पाणी हवंच. गुडघे दुखत असतील तर टॅक्सीने मागच्या रस्त्याने वर जा. उतरताना घाई नको, दगड झिजून गुळगुळीत झालेत.

मग आक्रोनाफ्प्लिया, म्हणजे गावाचा जुना बालेकिल्ला. तिथे भिंतींच्या माथ्याकडे नव्हे, पायाकडे बघा: चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले मोठे बहुकोनी दगड प्राचीन तटाचे, त्यावरचं बांधकाम मध्ययुगीन.

सगळ्यात मोलाची जागा गावाबाहेर आरियाजवळ, आगिया मोनी मठापाशी आहे. इथला झरा म्हणजेच कॅनाथस असं मानतात. झ्यूसची पत्नी हेरा देवी दरवर्षी त्यात न्हाऊन पुन्हा कुमारिका होई, असं आर्गॉसचे लोक सांगत. पॉसेनियसच्या म्हणण्याप्रमाणे ही तिच्या गुप्त विधींतली कथा. इथे भर दुपारी जाऊ नका, मठ बंद असण्याची शक्यता असते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला.

संध्याकाळी धक्क्यावर उभं राहून पश्चिमेला आखातापलीकडे बघा. तिकडे मिली गावाजवळ लेर्ना आहे, पोसायडनने अमिमोनीला झरे दाखवले ती जागा. ग्रीकांनी पालामिडीसला मारलं म्हणून त्याच्या बापाने सूड घ्यायला खोटे जाळ पेटवून ग्रीकांची जहाजं फोडली ते काफेरियस टोक मात्र इथे नाही. ते युबीया बेटाच्या आग्नेय टोकाला आहे. त्यासाठी वेगळी सहल आखावी लागते.