कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय? आधी थेंब कुठून पडतो ते बघा

सकाळी मोटरसायकल काढायला गेलात, पेट्रोलचा वास आला आणि इंजिनखाली ओला डाग दिसला, तर गॅरेजमध्ये ऐकू येणारं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘कार्बोरेटर गेला, नवा टाका.’ माझ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीबद्दल मी हे दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा आत निघाला टाकीतल्या गंजाचा कण, मोहरीहून बारीक. त्यामुळे खिशात हात घालण्याआधी अर्धा तास स्वतः बघा.

हे कार्बोरेटरवाल्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा हा भाग असलेल्या, गाड्यांपुरतं आहे. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. तिथे पाइपात दाब असतो, त्याला घरी हात लावू नका.

काम उघड्यावर आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत दूरवर जाते. गाडी जिन्याखाली लावत असाल तर बाहेर काढा. जवळ गॅस गिझर, देवापुढचा दिवा किंवा कुणाची विडी नको.

थेंब शोधा

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटर कोरड्या फडक्याने चारी बाजूंनी पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा, मग कॉक चालू करून पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा. पेट्रोल वरून ओघळत खाली येतं, म्हणून जिथे थेंब लटकतो तिथेच गळती असेल असं नाही. बोट फिरवत वर वर जा.

पाइपाच्या तोंडाशी ओल असेल तर पाइप कडक झालाय किंवा क्लिप सैल आहे. टोकाचा चिरलेला भाग कापून पुन्हा बसवा. सगळाच पाइप तडकला असेल तर नवा घ्या. काम तिथेच संपलं. कार्बोरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या कडेने ओल येत असेल तर तिथली रबरी ओ-रिंग किंवा गॅस्केट गेलंय. आणि वाटीच्या तळच्या बारीक नळीतून टपटपत असेल, ज्याला मेकॅनिक ‘ओव्हर होतोय’ म्हणतात, तर आधी ड्रेन स्क्रू, म्हणजे वाटी रिकामी करायचा स्क्रू, घट्ट आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत ड्रेन आणि ओव्हरफ्लोची, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर पडायची, वाट एकच असते. सैल स्क्रूपायी अख्खा कार्बोरेटर खोललेले लोक मी पाहिलेत.

स्क्रू घट्ट असूनही गळती चालूच? मग दोष आत आहे. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो, तीच रचना इथे आहे. पेट्रोल वाढलं की फ्लोट, म्हणजे तरंगणारा भाग, वर जातो आणि निडल, म्हणजे निमुळत्या टोकाची सुई, दाबून वाट बंद करतो. निडल नीट टेकली नाही की पेट्रोल येतच राहतं. गाडी मेन स्टँडवर असताना गळत नसेल आणि साइड स्टँडवर गळत असेल, तर फ्लोटची उंची जरा बिघडल्याचा संशय घ्या.

खोलण्याआधी दोन युक्त्या

वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. अडकलेली निडल कधी कधी तेवढ्यानेच सुटते. नाही सुटली तर ड्रेन स्क्रू सैल करून, कॉक चालू ठेवून, पेलाभर पेट्रोल बाटलीत जाऊ द्या. कचरा वाहून जातो. बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ दिसला, तर रोगाचं मूळ टाकीत आहे. पावसाळ्यानंतर हे फार दिसतं.

खोलायचंच झालं तर

कॉक बंद, पाइप काढा, वाटी रिकामी करा. वाटीचे स्क्रू मऊ असतात, तोंडात नीट बसणाराच ड्रायव्हर घ्या. फ्लोटची पिन हळू ढकला. ती ज्या दोन खांबांत बसते, ते ठोकल्यावर मोडतात आणि मग खरोखरच नवा कार्बोरेटर लागतो.

आता निडल उजेडात धरा. टोकाच्या निमुळत्या भागावर नख फिरवा. गोल खाच लागली तर निडल बाद. नव्या निडलबरोबर सीटही, म्हणजे निडल जिथे टेकते ती जागा, बदलता येत असेल तर बदला, नाहीतर कापसाच्या काडीने आतून स्वच्छ पुसा. सीटला तार किंवा सुई लावू नका. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटलाय, पेट्रोल भरून जड झालाय. वाटीत उभी पितळी नळी असेल तर वाटी हातात धरून नळीच्या तोंडाखालपर्यंत पेट्रोल भरा. तरी तळातून थेंब आला तर नळीला चीर आहे, आणि ही चीर भल्याभल्यांना सापडत नाही.

फ्लोटची उंची प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, मिलिमीटरचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. फ्लोटची निडल दाबणारी पट्टी धातूची असेल तर ती अगदी केसभर वाकवायची. प्लॅस्टिकची असेल तर वाकवायच्या भानगडीत पडू नका.

जुनी ओ-रिंग फुगून खाचेत बसत नसेल तर रात्रभर उघड्यावर वाळू द्या, बहुधा आक्रसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुनी रबरं लवकर बिघडतात, म्हणून नवी मिळत असेल तर नवीच टाका. सिलिकॉन पेस्ट मात्र नको. ती पेट्रोलात फुगते, तुकडे सुटतात आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतात.

गाडीवर चढवण्याआधी एक परीक्षा करा. कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने निडल बंद होईल. पेट्रोलच्या तोंडाला पाइप लावून मेडिकलमधल्या सिरिंजने हवा हलकेच दाबा. दट्ट्या अडला पाहिजे. फ्लोट बोटाने उचलला की हवा सुटली पाहिजे. तोंडाने फुंकू नका.

सगळं बसवल्यावर पाइपात छोटा फिल्टर टाका आणि रात्री कॉक बंद करायची सवय लावा. कॉक बंद असूनही गळत असेल तर त्याचंही रबर गेलंय.

आणि किक मारायच्या आधी ऑइलची काठी काढून वास घ्या. ओव्हर झालेलं पेट्रोल सिलिंडरमार्गे इंजिनातही उतरतं. वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर आधी ऑइल बदला, मगच गाडी चालू करा.