मखरासाठी फेल्टच्या डहाळ्या

गणपतीत आंब्याचे टाळ हवेतच, पण मखराच्या कमानीवर मी फेल्टच्या, म्हणजे जाड दाबीव कापडाच्या, डहाळ्या लावते. त्या कोमेजत नाहीत.

क्रिकट मेकर या कापणी-मशीनला रोटरी (गोल फिरणारं) ब्लेड, खाली कापडासाठीची गुलाबी चिकट मॅट. फेल्ट रोलरने नीट दाबून बसवा, कडांना मास्किंग टेप लावा. पाऊण इंचाहून लहान आकार या ब्लेडला जमत नाहीत, म्हणून मशीनवर फक्त पानं कापा. देठाची पट्टी कात्रीनेच कापलेली बरी.

तार मात्र प्लॅस्टिकच्या आवरणाची घ्या. आमच्या मालवणच्या खाऱ्या हवेत साधी लोखंडी तार गंजते आणि फेल्टवर डाग उमटतात. तारेवर पट्टी तिरकी गुंडाळत, ग्लू गनचे बारीक ठिपके देत शेंड्याकडून खाली या, मधेमधे पानाचं बूड अडकवा. आंब्याची पानं शेंड्याशी गुच्छाने येतात, तशीच तिथे दाट लावा.