जीएसटी-कस्टम्सच्या कामात एआय वापरताय? या चुका टाळा

नागपुरात इतवारीच्या पेढीपासून बुटीबोरीच्या कारखान्यापर्यंत बिलं वाचायला, कोड शोधायला, नोटिशीला उत्तर लिहायला आता एआय आलं आहे. वेळ वाचतो, यात वाद नाही. पण गाडी अडते ती बहुतेक वेळा त्याच त्या जागी.

सगळ्यात मोठा घोळ एचएसएन कोडचा, म्हणजे माल कोणत्या प्रकारात बसतो ते सांगणाऱ्या आकड्यांचा. ‘नागपूर ऑरेंज’ एवढंच टाकून कोड विचारला तर ०८०५ १० मिळण्याचीच शक्यता जास्त. त्या गटात मोसंबी बसते. आपलं संत्रं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मँडरिन, आणि मँडरिनचा उपगट ०८०५ २१. म्हणून शास्त्रीय नाव, माल ताजा की प्रक्रिया केलेला, वापर कशासाठी, हे सगळं सांगा आणि मिळालेला कोड टॅरिफमधल्या (शुल्काच्या अधिकृत यादीतल्या) प्रकरणाच्या टिपांशी स्वतः ताडून बघा. सीमाशुल्कात २०११ पासून स्वयं-निर्धारण आहे, म्हणजे शुल्क आपलं आपणच ठरवायचं. कोड चुकला तर जाब सॉफ्टवेअरवाल्याला नाही, तुम्हालाच विचारतात. त्यात २०२० पासून आयातीची तपासणी फेसलेस. कंटेनर नागपूरच्या डेपोत आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचं विवरण) बघणारा अधिकारी भलत्याच शहरात. त्याच्यासमोर असतं फक्त तुमचं वर्णन. एआयने ‘मशीन पार्ट्स’ असं मोघम लिहून दिलं आणि तुम्ही ते तसंच भरलं, तर शंका निघणार आणि माल पडून राहणार.

दुसरी चूक बिलं स्कॅन करताना होते. जीएसटीआयएनमधला (जीएसटी नोंदणी क्रमांकातला) शून्य ‘ओ’ होतो, पाचाचा ‘एस’ होतो. सुदैवाने त्या १५ अक्षरांतलं शेवटचं पडताळणीचं असतं, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये ती तपासणी लावता येते. लावाच. सुरुवातीचे दोन आकडेही बघा, ते राज्याचे असतात. छिंदवाडा आपल्याला शेजारचं वाटतं, पण तिथला विक्रेता मध्य प्रदेशचा, म्हणजे २३ चा, आपण महाराष्ट्राचे, २७ चे. माल नागपुरात आला असेल तर त्या बिलावर आयजीएसटीच (आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी) हवा.

तिसरी चूक नोटिशीच्या उत्तरात. २बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणारा तक्ता) आणि ३बी (आपण भरलेलं विवरणपत्र) यांत खरेदीवरच्या कराचं जे क्रेडिट दिसतं, त्यातला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की डीआरसी-०१सी ही सूचना आपोआप निघते. सात दिवसांत उत्तर दिलं नाही, तर पुढचा जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) अडतो. इथे घाईघाईने एआयकडून उत्तर लिहून घेतलं जातं आणि त्यात कुठले तरी निवाडे घुसतात. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खुद्द प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला; त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. खात्याची ही गत, तर आपली काय कथा! निवाडा न्यायालयाच्या संकेतस्थळावर सापडला आणि त्यातला परिच्छेद वाचला, तरच उत्तरात ठेवा. आणि फरक नेमका कोणत्या बिलांमुळे आला त्याचा तक्ता जोडा. अशा नोटिशीत निवाड्यांपेक्षा तोच जास्त कामाचा.

फुकटच्या चॅटबॉटमध्ये खातेवही टाकू नका. केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधनं वापरायला मनाई केली होती. टाकायचंच असेल तर पार्टीचं नाव, जीएसटीआयएन आणि बँक खातं आधी खोडा.